माझ्या ६० क्रेडिटचा हिशेब

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "बी.कॉम. झालेली मुलगी बालशिक्षण शिकायला परत कॉलेजात गेली, आणि आता म्हणते अजून दोन वर्षं शिकायचंय. हा हिशेब लागतो कसा?" तेव्हा मागे पोरांचा दंगा चालला होता, नीट सांगता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते. हिशेब लागतो, आणि चांगला लागतो.

इथे प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. एखादा विषय सेमिस्टरभर आठवड्याला तीन तास शिकलं की साधारण तीन क्रेडिट जमा होतात. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला साठेक लागतात, चार वर्षांच्या बॅचलर पदवीला १२० च्या आसपास. आमच्या राज्यात ५८ कम्युनिटी कॉलेजं आहेत. फी विद्यापीठापेक्षा पुष्कळ कमी, वर्ग संध्याकाळी किंवा ऑनलाइन, त्यामुळे नोकरी आणि संसार सांभाळून शिकणारी माणसं तिथे भेटतात. बालवाडीत काम करणाऱ्या कितीतरी बायकांचं कॉलेज तिथूनच सुरू होतं, माझंही तसंच झालं.

खरी मेख पुढे आहे. जिल्हा परिषदेत तुमची बदली झाली की सेवापुस्तक मागोमाग यायचं, नव्या तालुक्यात तुमची नोकरी पहिल्या दिवसापासून मोजायला कुणी बसत नसे. इथे विद्यार्थ्याच्या बाबतीत तसं आपोआप होत नाही. नवं विद्यापीठ एकेक विषय तपासतं आणि ठरवतं, हा धरू, हा धरणार नाही. अमेरिकी संसदेसाठी हिशेबतपासणी करणाऱ्या कार्यालयाने २०१७ साली अहवाल दिला होता. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेले, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे फी भरली, रात्री जागून अभ्यास केला, पास झाले, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं पाण्यात.

बालशिक्षणात तर याचा फटका आणखी बसायचा. आम्ही जी दोन वर्षांची पदवी घेतो ती 'अप्लाइड सायन्स'ची. ती थेट नोकरीसाठी आहे, पुढच्या शिक्षणासाठी नाही, असं बराच काळ धरलं जाई. मी ज्या बालकेंद्रात काम करते, तिथल्या माझ्या वर्गाची मुख्य शिक्षिका दुसऱ्या राज्यातून इथे आली. तिकडचे तिचे बरेचसे क्रेडिट एका विद्यापीठाने नाकारले आणि बालविकासाचा विषय तिला पुन्हा फी भरून करावा लागला. तीन वर्षांचं मूल भुकेने रडतंय, झोपेने की घाबरून, हे दारातूनच ओळखणारी बाई ती. मला तिच्यासाठी आजही वाईट वाटतं, रागही येतो. लहान मुलांबरोबरचं काम म्हणजे नुसतं सांभाळणं, त्यात शिकण्यासारखं काय असतं, हा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे.

नॉर्थ कॅरोलायनाने २०१८ साली यावर एक चांगली गोष्ट केली. कम्युनिटी कॉलेजं आणि राज्याची सरकारी विद्यापीठं यांच्यात बालशिक्षणापुरता स्वतंत्र करार झाला. त्यात ठरवून दिलेले विषय घेऊन, किमान सी ग्रेड राखून असोसिएट पदवी पूर्ण केली, की ६० क्रेडिट एकगठ्ठा धरले जातात आणि विद्यार्थी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला बसतो. अट एवढीच, की मार्ग सुरुवातीलाच निवडायचा. एक मार्ग नोकरीपुरता, दुसरा पुढे बॅचलरकडे जाणारा पण शिक्षकाच्या परवान्याशिवायचा, आणि तिसरा परवान्यापर्यंत नेणारा. परवान्याच्या मार्गात बालविकासाबरोबर इंग्रजी, गणित, विज्ञान असे सर्वसाधारण विषयही घ्यावे लागतात. मी हा तिसरा मार्ग घेतला. कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी पहिल्याच भेटीत तक्ता काढून सगळं समजावलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुम्ही पैशांचंही विचाराल. 'टीच' नावाची शिष्यवृत्ती आहे, ती १९९० साली याच राज्यात सुरू झाली आणि मग इतर अनेक राज्यांनी उचलली. फी आणि पुस्तकांचा मोठा भाग ती देते, प्रवासालाही थोडे पैसे मिळतात आणि कामाच्या वेळेतून अभ्यासासाठी काही तास पगारी सुटी मिळते. त्या बदल्यात मी वर्षभर त्याच केंद्रात काम करायचं. मला यात काहीच जड नाही, मुलांना मध्येच सोडून जायचं माझ्या मनातही नाही.

पगाराचं मात्र खरं ते सांगते. २०२३ मध्ये अमेरिकेत मुलं सांभाळण्याच्या कामातल्या निम्म्या माणसांची कमाई तासाला १४ डॉलर ६० सेंटपेक्षा कमी होती. एवढ्यावर इथे घर चालत नाही. परवाना मिळाला तर सरकारी प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) किंवा किंडरगार्टनच्या वर्गावर शिक्षिका म्हणून जाता येतं. तिथे पगार बरा असतो, आजारपणाची सुटी असते, निवृत्तिवेतन असतं. म्हणून मला पुढची दोन वर्षं हवी आहेत.

आई, आता तुझ्याशी बोलते. 'बालशिक्षणाचा इतिहास' या विषयात फ्रोबेल आणि माँटेसरी होतेच. निबंध मात्र मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर लिहिला. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, पुढे कोसबाडला काम वाढलं, हे सगळं लिहिलं. आमच्या प्राध्यापक बाईंनी तो वर्गात वाचायला लावला. वाचताना तू सारखी डोळ्यांसमोर होतीस. तुझी अंगणवाडी: २५-३० मुलं, एक खोली, पोषण आहाराचं पातेलं, वजनाची नोंद, लसीकरणाची यादी, आणि या सगळ्यातून वेळ काढून गाणी, गोष्टी, चिंचोक्यांनी मोजणी. इथे ज्याला निरीक्षण, नियोजन, कुटुंबाशी संवाद म्हणून तीन-तीन क्रेडिट मिळतात, ते तू वर्षानुवर्षं केलंस. तुला पगारसुद्धा म्हटला नाही कुणी, मानधन म्हटलं. तुझी ट्रेनिंगची प्रमाणपत्रं लोखंडी कपाटात पडून आहेत, ती कुठल्याही पदवीत जमा झाली नाहीत.

आता तिकडेही वाट निघते आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सांगितला आहे आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, तिच्यात नोंदलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायलाच हव्यात, असं माझं ठाम मत आहे. सेविकेने सहा महिने शिकून मिळवलेलं प्रमाणपत्र पुढे तिच्या पदवीत धरलं गेलं पाहिजे. वहिनी बालवाडीचा कोर्स करायचं म्हणतेय ना? तिला सांग, प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी विचार: क्रेडिट बँकेत नोंदले जातात का, आणि पुढे कोणतं विद्यापीठ ते धरतं. तोंडी उत्तरावर थांबू नकोस म्हणावं, लेखी माग.

माझ्यापुढे एक अडचण अजून आहे. शेवटी एक सेमिस्टर पूर्णवेळ वर्गावर शिकवण्याचा सराव असतो. तो आमच्याच केंद्रात करू दिला तर पगार चालू राहील, नाहीतर तेवढे महिने ओढाताण होईल. यांच्याशी बोलले आहे, हे म्हणाले निभावून नेऊ. ग्रीन्सबरोच्या विद्यापीठात अर्ज करणार आहे, बाकी चौकशी सुरू आहे.

बाबा, तुमच्याकडे एक काम. माझ्या बी.कॉम.ची विषयवार गुणपत्रं इथल्या मूल्यांकन संस्थेला विद्यापीठाकडूनच सीलबंद पाकिटात लागतात. तिथल्या इंग्रजी आणि गणिताचे काही क्रेडिट धरले गेले तर तेवढी फी वाचेल. मूळ गुणपत्रिका वरच्या कप्प्यातल्या निळ्या फाइलमध्ये आहेत. तुम्ही एकटे परीक्षा विभागात हेलपाटे घालू नका, दादाला बरोबर न्या, आणि उन्हात जाऊ नका. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला की रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवा.

तुमची,
मीनल