घाटवाटेचा हिशेब तासांत मांडा

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की पुरवण्यांमध्ये सहकुटुंब मोटारसहलींचे आराखडे छापून येऊ लागतात. ‘पहिल्या दिवशी महाबळेश्वर, दुसऱ्या दिवशी प्रतापगड, रायगड करून ताम्हिणीमार्गे पुण्याला परत’ हा त्यातला ठरलेला नमुना. त्यात ठिकाणे बरोबर असतात, अंतरेही साधारण बरोबर असतात. वेळ मात्र कुणी मांडलेलाच नसतो.

त्या दुसऱ्या दिवसाचा हिशेब करून पाहू. महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे ४० किलोमीटर. सगळा घाट, म्हणजे ताशी २५ ते ३० ची सरासरी धरली तर सुमारे दीड तास. प्रतापगडाला गाडी लावून, पायऱ्या चढून, देवीचे दर्शन घेऊन परत यायला अडीच तास. बरोबर आजी-आजोबा असतील तर तीन. पोलादपूरहून महाड अर्धा तास आणि पुढे रायगडाचा पायथा पाऊण ते एक तास. गडावर रोपवेने जायचे म्हटले तरी सुट्टीत रांग असतेच, तेव्हा रांग, गड आणि उतरणे मिळून चार तास मोजावेत. तिथून माणगाव सव्वा तास, माणगावहून ताम्हिणी ओलांडून पुणे साडेतीन तास. बेरीज येते साधारण १४ ते १५ तास, आणि यात जेवण धरलेले नाही. सकाळी सातला निघालेले कुटुंब रात्री दहाच्या पुढे घरी पोहोचणार. दिवाळीच्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे दमलेला चालक ताम्हिणीच्या वळणांवर अंधारात गाडी हाकणार. उपाय साधा आहे: दुसरा मुक्काम महाडला करावा किंवा रायगड वेगळ्या सहलीसाठी ठेवावा.

पहिल्या दिवसाचेही तसेच. पुणे-महाबळेश्वर १२० किलोमीटर, म्हणून ‘तीन तासांत पोहोचू’ असे सर्रास म्हटले जाते. सुरूर फाट्यापर्यंतचे ऐंशीएक किलोमीटर दोन तासांत होतात, पण खेड शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकीचा चढ मोकळा मिळाला तर. पुढे वाई, पसरणी घाट, पाचगणी या चाळीसेक किलोमीटरला दीड तास पुरतो. जोडून सुट्टी आली की मात्र वेण्णा तलावापासून बाजारपेठेपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यालाच तासभर लागतो. शनिवारी सकाळी नऊनंतर पुणे सोडणाऱ्याने ही कोंडी गृहीतच धरावी. पहाटे साडेपाचला निघून नाश्ता वाईत केला तर पसरणी घाट गर्दीच्या आधी चढून होतो. टाकीही वाईतच भरून घ्यावी.

आता गाडीबद्दल. घाट चढताना इंजिन तापेल म्हणून सगळे काळजी करतात. खरी परीक्षा उतरताना ब्रेकची असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर, पोलादपूर जवळजवळ कोकणच्या सपाटीला. माणसे आणि सामान धरून दीड टनाची गाडी १,३०० मीटर खाली येताना सुमारे पाच युनिट ऊर्जा सोडते. दोन किलोवॉटचा गीझर अडीच तास चालू ठेवावा इतकी ती उष्णता. खालच्या गिअरमध्ये उतरून तिचा बराचसा भार इंजिनावर टाकला नाही, तर ती ब्रेकच्या चकत्यांत आणि पॅडमध्ये जाते. तिथून ती ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. गाडीच्या पुस्तिकेत दुसरी मुदत दिलेली नसेल तर दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे लोकही हे हमखास विसरतात.

उतरण्याचा नियम जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक ठिकाणी दुसरा, तीव्र वळणावर पहिला. ब्रेकवर पाय सतत ठेवून घासत राहू नये. वळणाआधी नीट दाबून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा. ‘न्यूट्रल टाकला की पेट्रोल वाचते’ हा समज आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लागू नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंद होते, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन जळत राहते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर न्यूट्रलचा मोह काय करतो, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. आणि इंजिनच बंद करून गाडी सोडणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी: स्टिअरिंगची मदत त्याच क्षणी जाते आणि ब्रेकची एक-दोनदा पेडल दाबल्यावर.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘डी’ (ड्राइव्ह) वर विसंबू नये. एएमटीमध्ये (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र बदलते) ‘एम’ला नेऊन गिअर हाताने खाली आणावा, सीव्हीटीत (पट्ट्यावर चालणारा, पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स) ‘एल’ किंवा ‘एस’ असतो तो वापरावा. चढावर कोंडीत उभे असताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, एएमटीचा क्लच त्यातच जळतो. विजेवरच्या गाडीला उतारावर वीज परत मिळते हे खरे. पण हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के भरली असेल तर ती वीज ठेवायला जागाच उरत नाही आणि सगळा भार पुन्हा ब्रेकवर येतो. वरून निघताना ८०-८५ टक्के पुरे. उलट, पोलादपूरकडून चढायचे असेल तर नुसत्या उंचीसाठीच सहा-सात युनिट जास्त लागतील, तेवढी शिल्लक ठेवावी.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले तर लगेच गाडी रुंद जागी बाजूला घ्यावी, गिअरमध्ये ठेवावी, चाकापुढे दगड लावावा आणि अर्धा तास थांबावे. चकत्यांवर पाणी ओतू नये, वाकतात. निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून टाकावा. घाटात रस्त्याच्या मधोमध पडलेले निम्मे दगड डोंगरातून आलेले नसतात!

तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही. आठ दिवस आधी करावी, म्हणजे सुटा भाग मागवायला वेळ मिळतो. गॅरेजमध्ये चाके काढून पॅड बघायला सांगावे. ३ मिलिमीटरच्या जवळ आले असतील तर बदलावेत. टायरच्या नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी ओल्या घाटात ३ च्या खाली जाऊ नये. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते. हवेचा दाब दाराच्या खांबावरच्या तक्त्यातून पूर्ण भाराचा आकडा बघून भरावा, आणि स्टेपनीतही भरावा. सीएनजी गाडीत टाकी डिकी अडवते, स्टेपनी सामानाखाली गाडली जाते. जॅक आणि पाना हाताशी ठेवावा.

रस्त्यावरचे दोन संकेत पाळले तरी निम्मी भांडणे वाचतील. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, २०१७ च्या मोटार वाहन चालन नियमांतही तो आहे. दुसरे, वळणावर एसटी दिसली की अलीकडेच थांबावे. तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो. पावसाळ्यानंतर साइडपट्टी खचलेली असते आणि वाढलेल्या गवतात गटार दिसत नाही, म्हणून वाट देताना गाडी डोळे झाकून कडेला घालू नये.

मुलांना गाडी लागते ती बहुतेक वेळा मागच्या सीटवर मान खाली घालून मोबाइल बघताना. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कान सांगतो वळतो आहोत. घाट सुरू होण्याआधी मोबाइल काढून घ्यावा, काच थोडी खाली करावी, वडापाव-मिसळीऐवजी इडली किंवा पोहे द्यावेत. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी झाल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग नाही. उलटीच्या पिशव्या डिकीत नव्हे, सीटच्या खिशात.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. वरंध घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद होतो, महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटात दरड आली की तोही थांबतो. मोबाइलवरच्या नकाशाला हा आदेश नेहमीच कळतो असे नाही, तो खुशाल भोरहून महाडचा रस्ता दाखवतो आणि लोक ‘बंद’ची पाटी पाहून घाटाच्या तोंडाशी माघारी फिरतात. पुणे, सातारा आणि रायगड जिल्हाधिकारी कार्यालये आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्याकडून माहिती घेऊन दर शुक्रवारी हवामानाच्या चौकटीखाली वरंध, आंबेनळी, ताम्हिणी, पसरणी, केळघर आणि माळशेज या सहा घाटांपुढे ‘चालू’, ‘फक्त हलकी वाहने’ किंवा ‘बंद’ एवढेच छापावे. माळशेजसाठी ठाणे जिल्ह्यालाही विचारावे लागेल. आणि सहलीचा आराखडा छापताना किलोमीटरशेजारी तासांचा एक रकाना द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक, वाई