कापलेल्या चुंबनाचा उरलेला आवाज

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आपण सिनेमातल्या गाजलेल्या चुंबनांची यादी छापलीत. विषय निवडलात याचा आनंद झाला. आपल्याकडे हा विषय निघाला की कुणी खाकरतं, कुणी डोळे मिचकावतं, नीट बोलत मात्र कुणी नाही. पण यादीच्या पहिल्याच ओळीत एक चूक आहे. ती इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी छापून आली आहे की आता लोक ती खरीच समजतात. ‘कर्मा’ (१९३३) या चित्रपटात देविका राणी आणि हिमांशु राय यांचं चार मिनिटांचं अखंड चुंबन आहे, असं आपण लिहिलंत. तसं ते नाही.

मी चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यात सिनेमाचा ऑपरेटर होतो. पडद्यावरची कोणतीही गोष्ट मला अजून फुटांतच दिसते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. चार मिनिटं म्हणजे ३६० फूट, हजार फुटी रिळाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा तुकडा. सव्वा तासाच्या आतल्या चित्रपटात एवढी फिल्म एका चुंबनावर कोण खर्च करील, ही शंका मला पूर्वीपासून होती. निवृत्तीनंतर नातीनं तो प्रसंग मला फोनवर काढून दिला. राजपुत्राला नाग डसला आहे, तो निपचित पडला आहे, आणि ती त्याच्यावर ओणवी होऊन त्याला पुन्हापुन्हा चुंबते. तो शुद्धीवर यावा म्हणून तिची धडपड चालली आहे. ज्याला आपण भारतीय सिनेमातला सर्वांत धीट शृंगार म्हणून मिरवतो, तो खरं तर मरणाच्या भीतीनं घाबरलेल्या बाईचा आकांत आहे. चार मिनिटांच्या दंतकथेत हे पार बुडून गेलं. शिवाय पडद्यावरची ही दोघं प्रत्यक्षात नवराबायको होती, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली, हेही लिहायला हवं होतं.

‘भारतीय पडद्यावरचं पहिलं चुंबन’ हा मानही ‘कर्मा’चा नाही. त्याआधी १९२९ साली आलेल्या ‘प्रपंच पाश’ या मूकपटात सीता देवी आणि चारू राय यांचं चुंबन आहे. निर्माते हिमांशु रायच होते आणि दिग्दर्शक जर्मन, फ्रांझ ऑस्टेन.

एका चुकीसाठी एवढं लांब पत्र मी लिहिलं नसतं. मला खटकली ती मोजण्याची सवय. कोणतं चुंबन किती मिनिटांचं, कोणतं सर्वांत लांब, कोणतं पहिलं. सेन्सॉरही असंच मोजतं. २०१५ मध्ये बाँडच्या ‘स्पेक्टर’मधली चुंबनं आपल्याकडे निम्मी केली गेली. २०२५ च्या जुलैत ‘सुपरमॅन’मधलं ३३ सेकंदांचं दृश्य गेलं. माझ्या हिशेबानं साडेएकोणपन्नास फूट. निम्मं चुंबन म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं. अर्धं वाक्य असतं का? अशानं सिनेमा सोवळा होत नाही. दोन माणसं एकमेकांकडे झुकतात आणि एकदम दूर उभी दिसतात, तेव्हा मधे काय झालं असेल याचाच विचार प्रेक्षक करत बसतो.

मोजण्यातला फोलपणा हिचकॉकनं १९४६ मध्येच दाखवून दिला होता. तेव्हा हॉलिवूडमध्ये हेज संहितेचा, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणाऱ्या नियमावलीचा अंमल होता आणि तीन सेकंदांहून लांब चुंबन नको असा दंडक पाळला जाई. ‘नटोरियस’मध्ये कॅरी ग्रँट आणि इन्ग्रिड बर्गमन सज्जात एकमेकांच्या मिठीत आहेत. ओठ टेकतात, सुटतात, पुन्हा टेकतात. मधेमधे बोलणं चालू आहे, आणि तेही कशाचं, तर रात्री घरीच कोंबडी करू आणि नंतर भांडी कुणी घासायची याचं. तशीच बिलगून ती दोघं टेलिफोनपर्यंत जातात, तो हॉटेलला फोन लावतो, निरोप ऐकतो, मग दारापर्यंत जातात. कॅमेरा त्यांना सोडत नाही. सगळं मिळून अडीच मिनिटं, आणि नियम एकदाही मोडलेला नाही! मी हा प्रसंग पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये रसग्रहण शिबिराला गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरांना त्यातली युक्ती आवडली. मला भांडी घासण्याचं बोलणं आवडलं. प्रेमात असलेली माणसं असंच बोलतात. आणि त्याच बोलण्यात ती मधेच त्याला सुनावते की तुझं माझ्यावर प्रेम नसावं. पुढची सगळी गोष्ट त्या एका शंकेवर चालते.

आपल्या यादीतलं दुसरं नाव ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’चं (१९५३). हवाईच्या किनाऱ्यावर, फुटणाऱ्या लाटेत पडलेले बर्ट लँकॅस्टर आणि डेबोरा कर. ते छायाचित्र पाहिलं नाही असा सिनेमावेडा सापडायचा नाही. पण लाट ओसरल्यावर काय होतं ते आपण लिहिलं नाहीत. आजवर माझं असं चुंबन कुणी घेतलं नव्हतं, असं ती म्हणते, आणि त्याच्या मनात लगेच संशय येतो: म्हणजे आणखी किती जण होते? तिथून भांडण पेटतं. मग ती आपलं गेलेलं मूल, त्या रात्री दारू पिऊन आलेला नवरा, आणि आता आपल्याला कधीच मूल होणार नाही हे सगळं सांगते. लाटेतले ते क्षण थोडेच आहेत. त्यांच्यामागे हे उभं आहे म्हणून ते सत्तर वर्षं टिकले. नुसतं छायाचित्र छापलं की ते समुद्रकिनाऱ्याची जाहिरात वाटतं.

अगदी पहिल्या, १८९६ च्या एडिसन कंपनीच्या फिल्ममध्येसुद्धा हेच आहे. मे अर्विन आणि जॉन राइस हे नाटकातले नट गालाला गाल लावून बराच वेळ बोलत राहतात, मग तो मिशा सारख्या करतो, आणि चुंबन शेवटी येतं. अर्ध्या मिनिटाच्या आतल्या फिल्ममध्ये बहुतेक वेळ तयारीचा! तेवढ्यावरही त्या काळी टीका झाली.

त्याच्या दोनच वर्षांनंतरची एक फिल्म आपल्या यादीत नाही, आणि ती असायलाच हवी होती. १८९८, शिकागो. विल्यम सेलिगनं घेतलेली. सेंट सटल आणि गर्टी ब्राउन हे कृष्णवर्णीय नट एकमेकांचे हात धरून झुलतात, चुंबन घेतात, हसतात, पुन्हा जवळ येतात. त्या काळात अमेरिकी रंगमंचावर कृष्णवर्णीयांची बहुतेक टिंगलच चाले. इथे टिंगल नाही, दोन माणसं खुशीत आहेत एवढंच आहे. ही फिल्म शंभराहून अधिक वर्षं विस्मरणात होती. २०१७ मध्ये तिची ओळख पटली आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत तिला जागा मिळाली. नातीच्या फोनवर मी ती सलग पाच-सहा वेळा पाहिली. गर्टी ब्राउनचं ते हसू कुठल्याही नियमावलीत बसवून दाखवावं.

आता माझ्या कामाबद्दल. आमच्याकडे रविवारी मॅटिनीला इंग्रजी सिनेमे लागत. पेट्या एसटीनं यायच्या. बी आणि सी सेंटरं, म्हणजे लहान शहरं आणि गावं फिरून आलेल्या प्रिंटवर जागोजागी जॉइंट असायचे. कुठे फिल्म तुटली म्हणून, कुठे कुणी मुद्दाम कापली म्हणून. कापलेली जागा मला केबिनमध्ये बसून ऐकू यायची. याचं कारण साधं आहे. प्रोजेक्टरमध्ये चित्र लेन्समागच्या चौकटीत, म्हणजे गेटमध्ये दिसतं आणि आवाज त्याच्या खालच्या साउंड हेडवर वाचला जातो. त्यामुळे एखाद्या चित्राचा आवाज फिल्मवर सुमारे वीस फ्रेम आधी छापलेला असतो. कुणी चुंबन कात्रीनं काढलं आणि दोन टोकं फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडली, तरी त्या चुंबनाचा सुरुवातीचा आवाज कापण्याच्या जागेआधीच्या तुकड्यावर राहून जातो. पडद्यावर पुढचा प्रसंग आलेला असतो, मोटार चाललेली असते किंवा कुणी दार उघडत असतो, आणि एका सेकंदाहून कमी वेळ त्या नाहीशा झालेल्या चुंबनाचं संगीत वाजतं. मग खट्ट होतं आणि संपतं. चौतीस वर्षांत मी अशी किती संगीतं ऐकली याचा हिशेब नाही.

मी स्वतः चुंबन कधी कापलं नाही. पण एका मॅटिनीला थिएटरच्या मालकांनी सांगितलं म्हणून लेन्सपुढे हात धरला होता. दोन-तीन सेकंदांचंच दृश्य होतं. पडदा काळा झाला आणि खालून जो हलकल्लोळ उठला, तसा ते दृश्य दिसलं असतं तर खचितच उठला नसता. हात बाजूला घेतला तेव्हा पडद्यावरची बाई रडत होती, आणि ती का रडते हे थिएटरमध्ये कुणालाच कळलं नव्हतं. ते माझ्यामुळे झालं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच थिएटरात आम्ही ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) पुन्हापुन्हा लावला. रात्रीची बाग, तानसेनाच्या आलापाला बडे गुलाम अली खाँसाहेबांचा गळा, दिलीपकुमार मधुबालेच्या चेहऱ्यावरून पांढरं पीस फिरवतो, आणि मग ते पीसच दोघांच्या चेहऱ्यांआड येतं. बाल्कनीत बायका-पोरांसह घरंच्या घरं बसलेली असत. हात आडवा धर असं कुणी म्हणालं नाही. हिंदी पडद्यावर याहून उत्कट प्रणय मी पाहिलेला नाही, आणि त्यात ओठाला ओठ लागलेला दिसत नाही. म्हणून काही जण म्हणतात, बघा, चुंबनाची गरजच नसते. मला ते पटत नाही. के. आसिफ यांना तिथे पीस हवं होतं म्हणून ते आलं. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाला तिथे चुंबन हवं असेल, तर त्यालाही तेवढीच मोकळीक हवी. सेन्सॉरच्या नियमांचा विचार करणाऱ्या खोसला समितीनं १९६९ मध्येच म्हटलं होतं की कथेला गरज असेल तर चुंबनाला आडकाठी नको. ‘राजा हिंदुस्तानी’ (१९९६) लागला तेव्हा पावसातल्या त्या चुंबनाला पहिल्या दिवशी शिट्ट्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात होत नव्हत्या. लोक शांतपणे बघायचे. प्रेक्षक लवकर शिकतो, त्याला शिकू द्यावं लागतं.

आपल्या यादीत शेवटी ‘सिनेमा पॅरादिसो’ (१९८८) आहे, ते योग्यच झालं. सिसिलीतल्या गावात पडद्यावर चुंबन आलं की पाद्रीबाबा घंटी वाजवतो आणि थिएटरचा ऑपरेटर आल्फ्रेदो ते कापून ठेवतो. लहानपणी त्याच्या केबिनमध्ये रमणारा आणि पुढे मोठा दिग्दर्शक झालेला तोतो रोममध्ये एकटा बसून ते सगळे तुकडे जोडलेलं रीळ पाहतो. त्या तुकड्यांना मागचंपुढचं काहीच नाही, तरी आपल्याला रडू येतं. मी बरीच वर्षं विचार करत होतो की हे कसं. आता वाटतं, त्यांच्या मागेपुढे तोतोचं आयुष्य आहे. हे रीळ त्याच्यासाठी कुणी आणि कशासाठी जोडलं हे आपल्याला ठाऊक असतं. म्हातारा ऑपरेटर होता म्हणून ते तुकडे निदान डब्यात तरी राहिले.

आता रीळ नाही, जॉइंट नाही. संगणकावर चित्र आणि आवाज एकदमच कापले जातात, काप कुठे पडला याची खूणही राहत नाही. ‘सुपरमॅन’मधले ते ३३ सेकंद आमच्या नातीला थिएटरात जाणवलेसुद्धा नाहीत. तिला ते बातमी वाचून कळलं. म्हणून आपल्याला विनंती आहे की परदेशी किंवा देशी चित्रपटाचं परीक्षण छापताना, आपल्याकडे दाखवलेल्या प्रतीत काय कापलं आहे हे आपल्या समीक्षकांनी एका ओळीत जरूर लिहावं. आणि ‘कर्मा’बद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर
जि. सातारा