आधी सही, मग तपासणी

मरोळ, मुंबई
रविवार, सकाळचे नऊ

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. मी ठणठणीत आहे. रात्रपाळी करून आलेय, अंघोळ झाली, चहाही झाला. फोनवर सांगायला तीनदा बसले. तिन्ही वेळा आई, तू "जेवलीस का?" विचारलंस आणि मी "हो" म्हणून गप्प झाले. म्हणून लिहितेय.

आता सांगूनच टाकते. दुबईच्या एका विमान कंपनीत नोकरी घेतलीय. काम इथलंच, विमानं तपासून सही करून सोडायचं. १ डिसेंबरला हजर व्हायचंय. इथला राजीनामा गेला. आणि ज्यासाठी पेन अडतंय ते हे, की गौरी जेवल्या त्या दिवशी मी सही करूनच घरी आले होते. आई, तू मला दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढत होतीस, तेव्हा तो कागद माझ्या बॅगेत होता. नंतर मी बाथरूमची भिंत ठोकून बघत होते, कठड्याचे स्क्रू धरतील का म्हणून. बाबा दारात येऊन म्हणालेही, "आज तपासणी कसली चाललीय?"

बाबा, डेपोत मला स्टुलावर बसवून तुम्ही एकच गोष्ट शंभरदा सांगितलीत. नट हाताने हलवून बघितल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. मी नेमकं उलटं केलं. आधी सही, मग तपासणी. विचारलं असतं तर तुम्ही "जा" म्हणाला असतात, हे मला माहीत होतं. आणि ते म्हणताना तुमचा चेहरा कसा झाला असता, तेही माहीत होतं. तो बघवला नसता, एवढंच खरं कारण आहे. बाकीची आता देते ती सगळी नंतर जुळवलेली आहेत, पण खोटी नाहीत.

पगार इथल्या दुपटीहून जास्त आहे आणि तिथे पगारावर प्राप्तिकर नाही. घराचं कर्ज पाच वर्षं आधी फिटेल. बाबा, तुम्ही लगेच कात्रणांची फाईल काढाल. किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट २०२३. विमान कंपनीचा भरवसा नाही, एसटी कितीही रखडली तरी सकाळी स्टँडवर उभी असते. मान्य. पण लायसन्स माझ्या नावावर असतं, कंपनीच्या नाही. कंपनी बुडाली तरी माझे हात बुडत नाहीत. आणि पगार थकला तर काय करायचं हे मी आपल्याच घरात शिकलेय. २०२० मध्ये दोन महिने देशातली विमानं जमिनीवर होती, पगार अर्धा झाला, तेव्हा आई, तुझ्या डब्यातल्या नोटा तू पोस्टाने पाठवायला निघाली होतीस. त्या दिवसांत उभ्या विमानांची चाकं आम्ही ठरावीक दिवसांनी थोडी थोडी फिरवत होतो, टायर एका जागी दबून बसू नयेत म्हणून. (बाबा, हे वाक्य तुमच्या फिरायला जाण्याबद्दलही आहे. खाली येतेच त्यावर.)

काम तुम्हाला आवडलं असतं. मेन व्हीलच्या टायरमध्ये साधारण २०० पीएसआय दाब, तोही नायट्रोजनचा. ब्रेक किती झिजला ते बाहेर आलेल्या छोट्या पिनच्या लांबीवरून कळतं, चाक खोलावं लागत नाही. इंजिनाच्या पोटात बारीक नळीचा कॅमेरा घालून पाती बघायची, तुमच्या एंडोस्कोपीसारखंच. फक्त इंजिनाला कोणी सहा महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देत नाही. (असो. तो विषय काढायचा नव्हता.) तुमचा १४-१५ चा पाना एकदा कोयनानगरच्या गाडीत राहून गेला होता आणि आठवड्याने परत आला होता ना? आमच्याकडे पाना हरवला तर विमानच सोडत नाहीत. प्रत्येक पान्याला नंबर, पाळी संपताना मोजणी. गेल्या पावसाळ्यात स्क्रू ड्रायव्हरचा एक छोटा बिट सापडेना. भर पावसात चौघं दोन तास बॅटऱ्या घेऊन गुडघ्यांवर. सापडला माझ्याच खिशाच्या अस्तरात.

वाईट काय आहे तेही लिहिते, नाहीतर आई म्हणेल लपवते. झोप मोडते ती मोडतेच. कान दरवर्षी तपासतात, अजून ठीक आहेत. हायड्रॉलिक तेल कातडीवर पडलं की भाजल्यासारखं होतं; आई, तू हातावर जे डाग बघितलेस ते त्याचे, पोळ्यांचे नव्हेत. सण तर सगळे गेलेच. पण पहाटे विमान मागे ढकललं जातं, मी चाकाजवळची पिन काढून लाल फीत हवेत धरते, वरून वैमानिक अंगठा दाखवतो आणि ते जातं. दीड-दोनशे माणसं माझ्या सहीवर. तेव्हा दर वेळी मला डेपोच्या फाटकातून पहिली गाडी सोडणारे तुम्ही दिसता.

आता काशीचं. जाताना जागा मिळाली म्हणून मीच खूष. परत येताना दोन विमानं भरून गेली आणि तुम्ही दोघं रात्रभर लोखंडी खुर्च्यांवर. स्टाफचं तिकीट म्हणजे जागा उरली तर. हे मला माहीत होतं, तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. तुमच्या पासावर आपण गणपतीपुळ्याला उभ्याने गेलो होतो, आठवतं? विमानात तेवढीही सोय नाही. स्टाफच्या घरच्यांनी नीटनेटकं असावं लागतं म्हणून बाबांना मी नवे बूट घालायला लावले, त्यात पाय सुजले, रात्रीची गोळी चुकली. पुढच्या महिन्यातल्या छातीतल्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. मी तरी अजून तारखा मोजत बसते. आणि छातीत दुखलं त्या रात्री दादाचे अकरा फोन येऊन गेले, मी विमानाखाली होते, फोन लॉकरमध्ये. मुंबईत असून मला पहाटे पाचला कळलं. हे सांगते ते एवढ्यासाठीच की मी मुंबईत आहे म्हणून जवळ आहे, असं आपण तिघांनी धरून चाललो होतो. दुबईहून मुंबई विमानाने साधारण तीन तास. पुढे सांगलीपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र आत्ताही आहेच.

तुम्हाला तिकडे बोलवीन ते पूर्ण पैशांच्या, पक्क्या तिकिटावर. फुकटचं पुन्हा नाही. बाबांनी चपला घालून यावं.

आई, खोली करामा भागात बघितलीय. आपली माणसं भरपूर, भेंडी, दोडका, कोथिंबीर सगळं मिळतं. पोळपाट-लाटणं नेतेय, कुकरही. सोबत केरळची एक इंजिनिअर मुलगी आहे, तिला भात लागतो, मला भाकरी, भांडण नाही. हॉस्टेलवर जाताना तू गोधडीच्या घडीत लाडवांचा डबा लपवला होतास, तसं या वेळी काही करू नकोस. कस्टमवाले घडी उलगडतात. आणि रडायचं असेल तर माझ्यासमोर रड. स्वयंपाकघरात नळ सोडून नको, मला त्या नळाचा आवाज लहानपणापासून कळतो.

आता ऐका, आणि बाबा, हे भिंतीवर लावा.

बाथरूमचा कठडा दादा येत्या रविवारी बसवेल. तोवर आईने अंघोळीला स्टूल घ्यायचं. गोळ्यांचा वारांचा डबा आई भरेल, बाबांनी फक्त घ्यायच्या. डोस स्वतःच्या अकलेने कमी-जास्त करायचा नाही, तो कार्ब्युरेटर नव्हे. सकाळी चाळीस मिनिटं चालायचं, पण ऊन तापायच्या आत. छातीत जळजळलं तर इनो नाही, आधी दादाला फोन, मग मला. माझा फोन लागला नाही तर शिफ्टच्या ऑफिसचा नंबर पाठवीन, तो फ्रीजवर चिकटवा. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फूट झालं की मिरजेला मावशीकडे जायचं. धोक्याच्या ४५ ची वाट बघायची नाही, आणि "महापुरात सुद्धा पाणी आपल्या पायरीला लागलं नव्हतं" हे ऐकून घेणार नाही. बाबा, लागलं होतं.

जायच्या आधी आठ दिवस घरी येतेय. तेव्हा रागवा हवं तर, पण फोनवर गप्प बसू नका. माझ्या मागे कपाटातली जुनी पुस्तकं द्यायची असतील तर द्या, फक्त तो निळा डगला ठेवा, बाहीला ग्रीसचा डाग आहे तो.

आई, मसाला करून ठेवशील ना? दोन किलो पुरे. पण या वेळी खसखस अजिबात घालू नकोस. गंमत करत नाहीये, तिकडे खसखशीला बंदी आहे, चिमूटभर सापडली तरी पकडतात. मसाला कांडपात देताना आधीच्या कुणाची खसखस त्यात मिसळत नाही ना, ते उभं राहून बघ.

तुमची
हेल्पर