परवलीचा शब्द

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवाच मिळालं. उत्तर लिहायला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. ताईचा मुलगा बारा वर्षांचा झाला हेच आधी पटेना, आणि आता तो एकटा गाडीने माझ्याकडे येणार! तुला रजा मिळत नाही, हे समजलं. त्यावरून तुला बोल लावणार नाही. पण तू लिहिलंयस, "त्याला बजावलंय, अनोळखी माणसाशी बोलायचंच नाही." लेका, मग फलाट कुठला हे त्याने कोणाला विचारायचं? आई-बाप गेलेल्या पोराला अर्धं जग अनोळखीच असतं. हा सल्ला मलाही दिला होता, आणि पहिल्याच स्टेशनवर तो निकामी झाला.

तुला ती गोष्ट अर्धीच माहीत आहे. मी अकरा वर्षांचा होतो. मधल्या स्टेशनवर गाडी बदलायची होती, आमची गाडी उशिरा पोचली आणि जोडगाडी निघून गेली होती. तिकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन. दर पाच मिनिटांनी मी ती पिन चाचपत होतो. जपण्यासारखं काय आहे आणि ते कुठे ठेवलंय, हे मी साऱ्या फलाटाला दाखवत होतो, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

तेवढ्यात कोणीतरी मला नावाने हाक मारली. "तुझ्या वडिलांचा दोस्त मी. अगदी त्यांच्यासारखा दिसतोस रे." वडील जाऊन आठच महिने झाले होते. त्यांच्यासारखा दिसतोस म्हटल्यावर मी विरघळलोच. त्याला माझं नाव कसं कळलं, हा प्रश्न मला रात्री पडला. उत्तर माझ्या पायाशीच होतं. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात, दोन इंची अक्षरांत.

म्हणाला, नंतरची गाडी रद्द झाली, आज माझ्याकडे राहा, सकाळी बसवून देतो. ट्रंक त्याने उचललीसुद्धा. "कोणाला सांगत बसू नकोस, उगाच चौकश्या करतात." हे वाक्य ऐकून मी सावध झालो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण नाही झालो. मी त्याला काका म्हणत मागोमाग निघालो होतो. काका म्हटलं की माणूस काका वाटायला लागतो, ही तोंडाची सवयच वाईट.

अडवलं ते फलाट झाडणाऱ्या एका बाईने. "ए पोरा, कुठं निघालास? कोण हा तुझा?" खेकसलीच. मी म्हटलं, काका. "नाव काय काकाचं?" मला येईना. मग ती त्याच्याकडे वळली, "ह्याच्या बापाचं नाव सांग." तो भडकला, तू कोण विचारणारी म्हणाला, ट्रंक आदळली आणि चालता झाला. खरं सांगू? मला तेव्हा तिचाच राग आला. वडिलांना ओळखणारा एक माणूस तिने हाकलला होता.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही की गोड बोलली नाही. तिकीटखिडकीसमोर, मोठ्या घड्याळाखाली, उजेडात मला उभं केलं. खिडकीतल्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आणि झाडू उचलून गेली. गाडी वेळेवर आली. रद्दबिद्द काही झाली नव्हती.

पुढे रोमानियातल्या बुखारेस्ट शहरातल्या अनाथाश्रमांतल्या मुलांचा एक अभ्यास वाचला. २००० च्या सुमारास सुरू झालेला, १३६ मुलं घेऊन केलेला. दारात आलेल्या अनोळखी माणसाने 'चल' म्हटलं की आश्रमात राहिलेली मुलं, घरात वाढलेल्या मुलांपेक्षा जास्त सहजपणे त्याच्यासोबत निघायची. मी काही आश्रमात वाढलो नव्हतो. तरी ते वाचताना मला ती ट्रंक आठवली. आपण म्हणतो पोरकं पोर बुजतं. बुजतंही, पण कोणी आपलं म्हटलं तर धावतंही.

नंतर मात्र मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुढच्या गाडीत समोरच्या बाईंनी सरकून खिडकीची जागा देऊ केली. मी नको म्हटलं. नाव विचारलं, खोटं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुस्तकात डोकं घातलं. रुसल्या नाहीत, आग्रह केला नाही. तीन तासांनी माझं स्टेशन आलं तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, "हेच ना तुझं?" पोराला काही सांगायचंच असेल तर त्या 'बरं'बद्दल सांग. नकार दिला की माणूस काय करतो ते बघ म्हणावं.

आणि मदत लागली तर माणूस त्याने स्वतः निवडावा: खिडकीमागचा कर्मचारी, लेकरं घेऊन बसलेली बाई. आपणहून चिकटेल त्याच्याबरोबर जागचं हलायचं नाही. आता ती झाडूवाली आपणहूनच आली होती, म्हणजे हा नियमही पक्का नाही. पण ती मला माणसांत घेऊन गेली. तो मला माणसांतून बाहेर काढत होता.

बॅगेवर नाव बाहेरून लिहू नकोस, आत चिठ्ठी ठेव. तुझा आणि माझा नंबर पाठ करून घे, फोनची बॅटरी ऐनवेळी संपते. आणि एक परवलीचा शब्द ठरवा, तुम्हा दोघांतच. मला तो फोनवर सांग. त्याने मला पाहिलं ते चार वर्षांचा असताना, ओळखणार थोडाच! मी फलाटावर असेन, पण त्याने आधी मला शब्द विचारायचा. मी अडखळलो, विसरलो, हसण्यावारी न्यायला लागलो, तर माझ्याबरोबर यायचं नाही. सरळ घड्याळाखाली जाऊन उभं राहायचं आणि तुला फोन करायचा. मला राग येणार नाही, हे त्याला आत्ताच सांगून ठेव.

तुझाच