खोडदच्या दुर्बिणीचा उल्लेख हवा होता

गुरुत्वीय लहरींविषयीचा, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांविषयीचा, आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात होणाऱ्या, या लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळा प्रकल्पाची माहिती त्यात नेमकी आली आहे. परंतु जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने याच विषयात आधीच दिलेले योगदान पूर्णपणे वगळले गेले, ही उणीव मोठी आहे. लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजा सेकंदात अनेकदा आंदोलित होणाऱ्या लहरी टिपतात. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे निर्माण होणाऱ्या, एकेका आंदोलनाला वर्षे लागणाऱ्या लहरींचा माग मात्र स्पंदक ताऱ्यांच्या, म्हणजे नियमित अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, स्पंदांची वेळ वर्षानुवर्षे मोजूनच काढावा लागतो. जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारत-जपान गटांनी अशा लहरींचे पुरावे मांडले, त्यात जीएमआरटीची निरीक्षणे होती. ताऱ्याताऱ्यांदरम्यानच्या अवकाशातील विरळ इलेक्ट्रॉनांमुळे या स्पंदांतील कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी अधिक उशिरा पोहोचतात. हा उशीर काटेकोरपणे वजा केला नाही तर सारे गणित चुकते, आणि तो मोजण्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण विशेष उपयोगी ठरते. अंतिम शिक्कामोर्तब अद्याप बाकी आहे, हेही सांगायला हवे. नागपुरातील आमचे अकरावी-बारावीचे विद्यार्थी आपल्या लेखांची कात्रणे प्रकल्पवहीत चिकटवतात. त्यांच्यासाठी खोडद येथील संशोधनावर स्वतंत्र लेख, शक्य तर तेथील संशोधकांकडूनच लिहून घेऊन, प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक विज्ञान शिक्षक, धरमपेठ, नागपूर