राजीनामा दिलास का?

सांगली, ६ नोव्हेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रंगभूमी दिनाला भावे नाट्यमंदिरात गेलो होतो. पदकाचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी नानांनी चारचौघांत विचारलं, "काय हो, पोरीनं नोकरी सोडली म्हणे?" मी छे छे म्हटलं. घरी येऊन आईला विचारलं तर ती उठून गॅसकडे गेली. म्हणजे खबर माझ्याशिवाय सगळ्यांना होती. राजीनामा दिलायस, की नुसता लिहून ठेवलायस?

असो. आज तुझ्या नाटकाबद्दलच लिहायचं ठरवलंय.

परीक्षणाचं कात्रण टेबलाच्या काचेखाली सरकवलंय. पहिल्याच दोन अंकी नाटकात एवढी पकड, असं लिहिलंय ते पोस्टमनलाही वाचून दाखवलं. दुसऱ्या अंकाबद्दल म्हटलंय ते मात्र मला पटलं, रागावू नकोस. एकांकिकेत तू पाऊण तासात मोकळी व्हायचीस. इथे मध्यंतरानंतर तुझी पात्रं एकमेकांशी बोलायचं सोडून प्रेक्षकांना समजावत बसतात. पण म्हातारीची भाषा बनावट वाटते, हे साफ खोटं. "दार लावू नका, अजून एक जण यायचाय," हे तिनं म्हटलं आणि मी अंधारात चष्मा पुसत बसलो. काकू चिडल्यात. त्यांचं मी बघतो.

पण परीक्षण लिहिणारा काही तुझं घरभाडं भरणार नाही. मराठी नाटक सुरू करणाऱ्या विष्णुदास भाव्यांचंच बघ. १८४३ ला 'सीतास्वयंवर' झालं ते सांगलीच्या संस्थानिकांच्या, आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१ ला आप्पासाहेब वारले, आणि मंडळींना बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव खेळ करावे लागले. तुझ्यामागे कोणता संस्थानिक उभा आहे? खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं तेव्हा ते 'केसरी'त काम करतच होते ना? तू म्हणशील, भावे बाहेर पडले म्हणूनच १८५३ ला नाटक मुंबईला पोचलं. बरं, तो मुद्दा तुझा.

झालं, पुन्हा व्याख्यान. माफ कर.

राज्य नाट्य स्पर्धेत मी विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंगला उभा असायचो, तू माझ्या पायाशी पोत्यावर. एकदा नायक अडला, मला पान सापडेना, आणि तूच खणखणीत आवाजात त्याचं वाक्य म्हणून टाकलंस. अख्खं थिएटर हसलं. गंभीर नाटक होतं गं. दिग्दर्शक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि मी मात्र घरोघर तेच सांगत फिरत होतो. २०१९ च्या पुरात पायरीला पाणी लागलं तेव्हा आईनं आधी तुझ्या वह्या माळ्यावर चढवल्या, गव्हाचं पिंप राहिलं खालीच. आता तीच म्हणते, लिहू दे तिला. तिला काय जातंय म्हणायला! रात्री जागी असते ती, मला कळतं.

पुढचा प्रयोग कधी ते कळव, मी येतो. भडंग आणतो, नटांना देऊ नकोस सगळं. राजीनामा दिला नसशील तर आधी बिनपगारी रजा मागून बघ. दिला असशील तर खोलीचं भाडं किती ते लिही. मी विचारलं म्हणून आईला सांगू नकोस.

तुझे बाबा