सूचना: लघुरूप वापरताना

सर्व सदस्यांना नमस्कार.

लैंगिकता किंवा लिंगओळख वेगळी असलेल्या लोकांसाठी आपल्या पत्रकांत कुणी 'एलजीबीटी' (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर) लिहितं, कुणी आणखी काही. यापुढे गटाच्या मजकुरात 'एलजीबीटीक्यूआयए+' हेच रूप वापरावं. जुन्या लेखांना मात्र हात लावू नका. १९९०च्या दशकात 'एलजीबीटी' रूढ झालं. तो काळ तसाच दिसायला हवा.

'ए' म्हणजे असेक्शुअल (लैंगिक आकर्षण फारसं किंवा अजिबात न वाटणारे), तसेच एरोमँटिक (प्रेमाचं आकर्षण फारसं किंवा अजिबात न वाटणारे) आणि एजेंडर (स्वतःला कोणत्याच लिंगाचं न मानणारे). पाठिंबा देणाऱ्या मित्रमंडळींसाठी ते अक्षर नाही. ही गल्लत सर्रास होते, आणि ज्यांची आधीच कुणी दखल घेत नाही त्यांचीच जागा त्यात जाते. कृपया हे नीट सांभाळा. 'आय' म्हणजे इंटरसेक्स. हा जन्मजात शारीरिक लक्षणांचा विषय आहे, आकर्षणाचा नव्हे. 'क्यू' म्हणजे क्वीअर, रूढ लैंगिकतेच्या किंवा लिंगओळखीच्या चौकटीत न बसणारे. हा शब्द पूर्वी शिवीसारखा वापरला जायचा आणि काही ज्येष्ठांना तो आजही बोचतो. म्हणून एखादी व्यक्ती स्वतःसाठी तो वापरत नसेल, तर तिला तो लावू नका.

कॅनडाचं सरकार लघुरूपाच्या सुरुवातीला '२एस' लिहितं, तिथल्या मूलनिवासी समाजांतल्या टू-स्पिरिट (स्वतःत स्त्री आणि पुरुष दोन्ही भाव मानणाऱ्या) लोकांसाठी. उद्धृत करताना ते तसंच ठेवा.

मजकूर केवळ ट्रान्स व्यक्तींविषयी असेल, तर सरळ 'ट्रान्स व्यक्ती' लिहा. तिथे अख्खं लघुरूप नको.